सई परांजपे यांचे जीवन आणि कारकीर्द : सोलापुरातील प्रेक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा जुना चित्रपट एकत्र बसून पाहतो. जागा ठरलेली नसते. कधी कोणाचा दिवाणखाना, कधी ओळखीने मिळालेला शाळेचा हॉल. सई परांजपे यांचे पाच चित्रपट लागोपाठ पाच महिने दाखवले, तेव्हा चित्रपट संपल्यानंतर चहा येईपर्यंतच्या वेळात काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. ते येथे उत्तरांसह मांडले आहेत. माहिती सर्वांना उपलब्ध असलेलीच आहे, मते मात्र माझी आहेत. त्यांतले मुख्य मत आधीच सांगितलेले बरे: परांजपे यांना सगळे दिग्दर्शिका म्हणून ओळखत असले, तरी त्यांचा चित्रपट डोळ्यांआधी कानाने रचलेला असतो, आणि ती सवय त्यांना आकाशवाणीने लावली असावी. पुढची बरीचशी उत्तरे याच मताच्या आधाराने लिहिलेली आहेत.

सई परांजपे यांची थोडक्यात ओळख काय?

जन्म १९ मार्च १९३८, मुंबईचा. जडणघडण मुख्यतः पुण्याची. त्यांनी मुलांसाठी पुस्तके आणि नाटके लिहिली, पुणे आकाशवाणीवर निवेदन केले, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण घेतले, दूरदर्शनसाठी अनेक वर्षे कार्यक्रम केले आणि त्यानंतर ‘स्पर्श’, ‘चष्मेबद्दूर’, ‘कथा’, ‘दिशा’, ‘पपीहा’ आणि ‘साज’ हे हिंदी चित्रपट लिहून दिग्दर्शित केले. मराठी रंगभूमीवर ‘जास्वंदी’, ‘सख्खे शेजारी’ आणि ‘माझा खेळ मांडू दे’ या नाटकांमुळे त्यांचे नाव आहे. २००६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

वडील रशियन होते असे ऐकतो, ते खरे आहे का?

खरे आहे. युरा स्लेप्टझॉफ हे रशियन चित्रकार त्यांचे वडील, आणि शकुंतला परांजपे या आई. सई अगदी लहान असतानाच आईवडील विभक्त झाले आणि पुढचे सगळे संगोपन आईने केले. परांजपे हे आडनाव आजोळचे आहे. आजोबा म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे, केंब्रिज विद्यापीठात गणितात सीनिअर रँग्लर, म्हणजे अंतिम परीक्षेत सर्वप्रथम, ठरलेले पहिले भारतीय आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य. १९४४ ते १९४७ या काळात ते ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते, त्यामुळे सई यांच्या बालपणाची काही वर्षे कॅनबेऱ्यात गेली.

असे घराणे म्हटले की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक म्हणजे ‘मग काय, घरातच सगळे होते’, आणि दुसरी म्हणजे केवळ भक्तिभाव. आमच्या बैठकीत पहिलीच जास्त ऐकू आली, आणि ती सर्वस्वी चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. घरात पुस्तके होती, भाषा होत्या, आणि मुलीने काय करू नये हे सांगणारे कोणी नव्हते. परंतु त्या घरात गणित होते, राजकारण होते, समाजकार्य होते. चाळीतली बोली नव्हती, पानवाल्याच्या गप्पा नव्हत्या. त्यांच्या चित्रपटांत नेमके हेच भरलेले आहे, आणि ते त्यांनी बाहेर जाऊन ऐकून मिळवलेले आहे.

त्या स्वतः अभिनेत्री आहेत का?

या प्रश्नामागे बहुधा आई आणि मुलगी यांची सरमिसळ असते. चित्रपटातल्या अभिनयासाठी आठवण काढायची ती शकुंतलाबाईंची. प्रभातच्या ‘कुंकू’ या १९३७ सालच्या चित्रपटात म्हाताऱ्या वकिलाची समाजकार्य करणारी मुलगी, म्हणजे तरुण नायिकेची वयाने मोठी सावत्र मुलगी, त्यांनी उभी केली होती. शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्यासमोर ही भूमिका लहान वाटते, तरी तिच्यातला ठामपणा उसना नाही. शकुंतलाबाई प्रत्यक्षातही तशाच होत्या. त्यांनी केंब्रिजमध्ये गणिताचे शिक्षण घेतले होते, जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम केले होते आणि संततिनियमनाचे काम त्या काळी लोकांच्या शिव्या खात केले होते. पुढे त्या विधान परिषदेत गेल्या, १९६४ ते १९७० या काळात राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या, आणि १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. म्हणजे एकाच घरात आईला आणि पंधरा वर्षांनी मुलीला, दोघींना हा सन्मान मिळाला.

सोलापूरकरांसाठी येथे एक आडवाटेचा धागा आहे. ‘कुंकू’चे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनीच १९४६ साली आपल्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर चित्रपट केला. कोटणीसांचे नाव घेतले की आमच्या हॉलमधली ज्येष्ठ मंडळी सरळ बसतात, म्हणून ‘कुंकू’ची ओळख करून देताना मी हा धागा हमखास वापरतो.

सई परांजपे यांच्याविषयी बोलायचे, तर नाट्यशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला अभिनय येतोच, आणि रंगमंच व ध्वनिक्षेपक दोन्ही त्यांच्या सवयीचे होते. मात्र पडद्यावरची अभिनेत्री म्हणून त्यांची कारकीर्द नाही. त्यांच्यातली नटी दिसते ती त्यांच्या संवादांत. कोणते वाक्य नटाच्या तोंडात बसेल आणि कोणते जिभेला अडेल, हे त्यांना लिहितानाच कळलेले असते.

लेखनाला सुरुवात कधी झाली?

आठव्या वर्षी. ‘मुलांचा मेवा’ हे त्यांचे परीकथांचे पुस्तक त्या आठ वर्षांच्या असताना प्रसिद्ध झाले. मुलांसाठी लिहिणे त्यांनी पुढेही सोडले नाही. ‘पत्तेनगरी’ आणि ‘शेपटीचा शाप’ ही बालनाट्ये मराठी घरांतल्या कित्येक पिढ्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनांमुळे माहीत आहेत. चित्रपटांतही सुरुवात मुलांपासूनच झाली. ‘जादू का शंख’ हा १९७४ चा आणि ‘सिकंदर’ हा १९७६ चा, दोन्ही बालचित्रपट. भारतीय बालचित्र समितीचे अध्यक्षपदही त्यांनी दोन वेळा सांभाळले.

आकाशवाणीचा त्यांच्या चित्रपटांशी संबंध कसा जोडता येतो?

हा प्रश्न प्रेक्षकांनी कमी आणि मीच जास्त विचारला आहे, हे मान्य करतो.

आकाशवाणीवर श्रोत्याला काहीच दाखवता येत नाही. दार उघडले, पाहुणा आला, त्याच्या हातात जड पिशवी आहे आणि तो चिडलेला आहे, हे सगळे दोन आवाजांत आणि एखाद्या खाकरण्यात बसवावे लागते. ज्याने हे काम वर्षानुवर्षे केले, त्याला माणूस त्याच्या बोलण्याच्या लकबीवरून ओळखू येतो. आता ‘स्पर्श’ आठवून पाहा. अंधशाळेचे मुख्याध्यापक अनिरुद्ध परमार डॉक्टरकडे निघालेले असतात. वाटेत गाण्याचा आवाज ऐकू येतो आणि ते भलत्याच दारापुढे जाऊन उभे राहतात. गाणारी असते चित्रपटाची नायिका, कविता नावाची. पुढे एका मेजवानीत दोघांची पुन्हा गाठ पडते, तेव्हा अनिरुद्ध तिला ओळखतो तो आवाजावरून. हिंदी चित्रपटात नायकाने नायिकेला पाहिल्याशिवाय प्रेम सुरू होत नाही, हा नियम येथे पटकथेनेच रद्द केला आहे. हे सुचायला चित्रपटाचा व्यवसाय पुरेसा नाही, त्याआधी ध्वनिक्षेपकासमोर बसलेले असावे लागते.

राष्ट्रीय नाट्य विद्यालयात त्यांनी काय शिकले?

विद्यालयातले त्यांचे शिक्षण १९६३ साली पूर्ण झाले. इब्राहिम अल्काझी १९६२ साली तेथे संचालक म्हणून आले होते, त्यामुळे त्यांच्या कडक शिस्तीचा पहिलाच बहर परांजपे यांच्या वाट्याला आला. सोलापुरात हे विद्यालय म्हटले की अतुल कुलकर्णी यांचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे, कारण येथल्या ‘नाट्य आराधना’ या नाट्यसंस्थेतून पुढे जाऊन ते तेथे शिकले. त्यांच्या तीस-बत्तीस वर्षे आधी एक मराठी मुलगी त्याच संस्थेतून लेखिका आणि दिग्दर्शिका होऊन बाहेर पडली होती, हे ऐकून नाटकात काम करणाऱ्या आमच्या तरुणांना विशेष वाटते.

दूरदर्शनवर त्यांनी काय केले?

पुष्कळ केले. दिल्ली केंद्रासाठी त्यांनी नाटके, माहितीपट आणि दूरचित्रपट केले. ‘द लिटल टी शॉप’ या त्यांच्या दूरचित्रपटाला १९७२ साली तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. नंतरच्या काळात ‘अडोस पडोस’ आणि ‘छोटे बडे’ या मालिका आल्या. आमच्यापैकी ज्यांच्या घरी त्या काळी दूरचित्रवाणी संच होता, त्यांना ‘अडोस पडोस’ आठवतो. ज्यांच्याकडे नव्हता, त्यांना शेजारच्या घरात बसून पाहिलेला ‘अडोस पडोस’ आठवतो, आणि मालिकेचे नाव पाहता ते अधिक समर्पक म्हणावे लागेल.

‘स्पर्श’ला पुरस्कार एका वर्षी आणि फिल्मफेअर दुसऱ्याच काळात, असे कसे?

चित्रपट तयार होणे आणि चित्रपटगृहात लागणे यांत मोठे अंतर पडले, म्हणून. १९७९ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘स्पर्श’ सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला, नसीरुद्दीन शाह यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा आणि परांजपे यांना पटकथेचा पुरस्कार मिळाला. फिल्मफेअर पुरस्कार मात्र १९८५ साली मिळाले. चित्रपट, दिग्दर्शन आणि संवाद हे तिन्ही पुरस्कार तेव्हा त्यालाच मिळाले. दरम्यानच्या काळात ‘चष्मेबद्दूर’ आणि ‘कथा’ हे दोन चित्रपट येऊनही गेले होते. त्यामुळे सामान्य प्रेक्षकाच्या मनात परांजपे आधी विनोदी चित्रपट करणाऱ्या ठरल्या आणि गंभीर चित्रपट नंतर आला, असा उलटा क्रम बसला. तो दुरुस्त करून घ्यावा.

‘स्पर्श’विषयी आणखी एक बोलले पाहिजे. त्यातली शाळेतली मुले खरोखर दृष्टिहीन आहेत. त्यांच्याकडून दयेसाठी काहीही करवून घेतलेले नाही. ती भांडतात, खेळतात, नाटक बसवतात. मुख्याध्यापकाचा अहंकारही झाकलेला नाही. मदतीचा हात पुढे आला की तो दुखावतो, आणि या दुखावण्यात थोडा न्याय आणि थोडा हट्ट असतो. आमच्याकडे एका निवृत्त शिक्षिकेने विचारले, ‘एवढा हेकट माणूस नायक कसा?’ मला वाटते, त्याला हेकटपणाची मुभा देणे हाच परांजपे यांनी त्याला दिलेला सन्मान आहे. अंध पात्राने सोशिक आणि गोड असले पाहिजे, ही आपली अपेक्षा त्यांनी सरळ बाजूला ठेवली.

‘चष्मेबद्दूर’ अजूनही ताजा का वाटतो?

१९८१ सालचा हा चित्रपट आहे दिल्लीतल्या तीन मित्रांचा: अभ्यासू सिद्धार्थ म्हणजे फारूख शेख, आणि त्याच्या खोलीत राहणारे ओमी आणि जोमो, म्हणजे राकेश बेदी आणि रवी बासवानी. दीप्ती नवल यांची नेहा ही कपडे धुण्याची पावडर दारोदार विकते. पानाच्या दुकानात सईद जाफरी यांचे लल्लन मियाँ उधारीची वही सांभाळून बसलेले असतात.

पावडर विकायला नेहा सिद्धार्थच्या दारात येते, तो प्रसंग अगदी जवळून पाहण्यासारखा आहे. ‘चमको’ नावाची ही पावडर किती गुणकारी आहे, हे तिला प्रत्यक्ष करून दाखवायचे असते. त्यासाठी मळके कापड हवे, बादली हवी, पाणी हवे. आणि पावडर काम करीपर्यंत थांबायला हवे. या थांबण्यातच सगळे आहे. विक्रेतीला जाता येत नाही, गिऱ्हाइकाला जा म्हणता येत नाही, आणि फेस चढेपर्यंत दोन लाजरी माणसे काहीतरी बोलत राहतात. गुलाबाचे फूल नाही, पाऊस नाही, धक्का लागून पडलेली पुस्तके नाहीत. आमच्या बैठकीला येणारे एक गृहस्थ टॉवेलच्या धंद्यातले आहेत. ते म्हणाले, ‘कापड कुठले ते तेवढे नीट दिसले नाही.’ सोलापुरात हा चित्रपट दाखवला तर असा प्रतिसाद येणारच.

त्यात भर म्हणजे ओमी आणि जोमो नेहाविषयी आपापल्या कल्पित प्रेमकथा सांगतात, तेव्हा हिंदी चित्रपटाच्या गाण्यांची, झाडामागच्या लपाछपीची आणि शौर्याची यथेच्छ थट्टा होते. थट्टा आहे पण तुच्छता नाही, म्हणून चिडायला जागा राहत नाही. डेव्हिड धवन यांनी २०१३ साली याच नावाचा नवा चित्रपट काढला, आणि ५ एप्रिल २०१३ या एकाच दिवशी मूळ चित्रपटही पुन्हा चित्रपटगृहांत आणला गेला. दोन्ही पाहून तुलना करायची असल्यास प्रत्येकाने खुशाल करावी. माझा कल उघड आहे.

‘कथा’ ही मूळ मराठी कलाकृती आहे का?

होय. श्री. ग. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावर तो आधारलेला आहे. मुंबईतली चाळ, तिच्यातला सरळमार्गी राजाराम जोशी, त्याच्या मनात बसलेली पण त्याला सांगता न आलेली संध्या सबनीस, आणि एक दिवस येऊन टपकणारा थापाड्या बाशू. कासव कोण आणि ससा कोण हे पहिल्या दहा मिनिटांत कळते; शर्यत कोण जिंकले यावर मात्र आमच्याकडे दोन वेळा वाद झाला.

पात्रांची निवड हा यातला मोठा डाव आहे. तोवर सभ्य, सौम्य तरुण म्हणून ओळखले जाणारे फारूख शेख यांना बाशू केले, आणि धारदार भूमिका करणाऱ्या नसीरुद्दीन शाह यांना खाली मान घालून कारकुनी करणारा राजाराम. नेहमीच्या जागा बदलल्यामुळे बाशू आवडतो, आणि तो आवडतो हीच अडचण आहे. चाळीतली सगळी माणसे फसतात तसे आपणही फसतो. या चित्रपटाला १९८२ सालचा सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नळावरचे बोलणे, जिन्यातली चौकशी, एकाच्या घरातल्या फोडणीवर दुसऱ्याच्या घरातून आलेला शेरा, हे सारे हिंदीत असूनही त्याचा ठेका मराठी आहे. आमच्या पूर्वभागातल्या वाड्यांतून तेलुगू, कन्नड आणि मराठी एकाच जिन्यात ऐकू येतात. तेथे वाढलेल्यांना ही चाळ परकी वाटली नाही.

सोलापूरकरांनी एकच चित्रपट पाहायचा ठरवला, तर कोणता पाहावा?

‘दिशा’. हे उत्तर ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते, कारण त्यांनी या चित्रपटाचे नावही ऐकलेले नसते.

१९९० सालच्या या चित्रपटात दुष्काळाने बेजार झालेल्या खेड्यातले शेतकरी मुंबईला कापडगिरणीत काम करायला जातात. एकाच खोलीत गावाकडची कितीतरी माणसे दाटीवाटीने राहतात. नाना पाटेकर, रघुवीर यादव, शबाना आझमी आणि ओम पुरी अशी मंडळी त्यात आहेत. ओम पुरी यांचा परशुराम मात्र गाव सोडत नाही. तो वर्षानुवर्षे एकच विहीर खणतो आहे, आणि सारे गाव त्याला वेड्यात काढते. तिकडे गावात विडीचा कारखाना निघतो आणि बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःची कमाई येते.

कापडगिरणी, दुष्काळ आणि विडी: हे तीन शब्द सोलापूरच्या माणसासमोर एका दमात उच्चारून पाहावेत. येथली जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली आणि १९६० च्या दशकात बंद पडली. लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या १९९० च्या दशकात थंडावल्या. सांगोला, मंगळवेढा, करमाळा या भागांतून कामासाठी बाहेर पडणे कोणाला नवे नाही. आणि पुरुषांचे मिलचे काम गेल्यावर कित्येक घरे तगली ती बायकांनी वळलेल्या विड्यांवर. कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, त्यामागे हीच कमाई आहे.

‘दिशा’ दाखवला त्या संध्याकाळी पुढच्या रांगेत एक आजी बसल्या होत्या. आयुष्यभर विड्या वळलेल्या. मांडीवरचे सूप, पत्र्याच्या मापाने कातरलेले पान, चिमटीतली तंबाखू, दोऱ्याचा वेढा, हजाराचा हिशोब आणि नाकारलेल्या विड्यांचा तोटा, हे सगळे त्यांना तोंडपाठ. चित्रपटभर त्या गप्प होत्या. शेवटी मी मुद्दाम विचारले, तर म्हणाल्या, ‘पैसे हातात आल्यावर बाई कशी चालते ते बरोबर दाखवलंय. पान कापायला मात्र फार वेळ लावतात.’ चित्रपटाचे यापेक्षा नेमके परीक्षण मी वाचलेले नाही.

या चित्रपटाचा मोठेपणा असा की शहर वाईट आणि खेडे चांगले, किंवा त्याच्या उलट, असा निवाडा तो देत नाही. खोलीतली गर्दी गुदमरवणारी आहे आणि ऊबदारही आहे. विहिरीला पाणी लागावे असे आपल्याला मनापासून वाटते, आणि लागल्यावर पुढे काय, हा प्रश्नही सुटत नाही. विनोदाची सवय असलेल्या परांजपे यांनी येथे विनोद पूर्णपणे टाकलेला नाही. तो फक्त कमी आवाजात ठेवला आहे. त्या वर्षांतल्या इतर गंभीर चित्रपटांतून असा विनोद फारसा सापडत नाही, आणि कदाचित त्यामुळेच ‘दिशा’ची म्हणावी तितकी चर्चा झाली नाही, असा माझा तर्क आहे.

‘साज’ हा मंगेशकर भगिनींवर आहे का?

हा प्रश्न दर वेळी पहिल्या पाच मिनिटांत येतो. ‘साज’मध्ये मानसी आणि बन्सी या दोन गायिका बहिणी आहेत, भूमिका अनुक्रमे अरुणा इराणी आणि शबाना आझमी यांच्या. त्यामुळे प्रेक्षकांनी काय जोडायचे ते जोडले आणि चर्चा झाली. परांजपे यांनी चित्रपट काल्पनिक असल्याची भूमिका घेतली. मी येथे कोणाचे खरे आयुष्य शोधत बसण्याचा सल्ला देणार नाही, कारण त्या नादात चित्रपट हातातून निसटतो. त्याऐवजी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. तबलावादक झाकिर हुसेन त्यात संगीतकाराच्या भूमिकेत आहेत. आणि जावेद अख्तर यांना याच चित्रपटातील गीतलेखनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आवाज हीच ज्यांची मालमत्ता आहे, त्या दोन बायकांत ती वाटून कशी घ्यायची, हा विषय परांजपे यांच्या कानाला साजेसा होता. चित्रपट मला लांबलेला वाटतो, विशेषतः उत्तरार्धात, हेही नमूद करतो.

मराठीतले त्यांचे काम कोठून वाचावे किंवा पाहावे?

नाटकांपैकी ‘सख्खे शेजारी’ आधी वाचावे, मग ‘जास्वंदी’. पहिल्यात हसत हसत आत शिरता येते. दुसरे अधिक अस्वस्थ करणारे आहे. नाट्यवाचनासाठी ‘सख्खे शेजारी’ आमच्याकडे दोनदा घेतले, आणि नवखे वाचकही त्यात अडखळले नाहीत. वाक्ये बोलण्यासाठीच लिहिलेली असली की असे होते.

त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘सय’ आहे. सय म्हणजे आठवण. सई म्हणजे मैत्रीण. लेखिकेच्या नावाला इतक्या जवळून चाटून जाणारे शीर्षक क्वचितच सापडते. २०१६ साली ते पुस्तकरूपाने आले आणि पुढे इंग्रजीतही निघाले. आयुष्याची तारीखवार जंत्री त्यात शोधू नये. आकाशवाणी, नाट्य विद्यालय, दूरदर्शन आणि चित्रपट अशा कामाच्या प्रवासाने ते चालते, आणि चित्रीकरणातल्या फजित्या त्या जितक्या मोकळेपणाने सांगतात, तितक्याच मोकळेपणाने पैशांची ओढाताणही सांगतात. दिग्दर्शन शिकू इच्छिणाऱ्यांनी ते पेन्सिल हातात घेऊन वाचावे.

त्यांच्या कुटुंबातील इतर कोणी या क्षेत्रात आहे का?

पती अरुण जोगळेकर हे रंगकर्मी आणि अभिनेते होते; पुण्यातल्या बालरंगभूमीच्या दिवसांपासूनचे सहकारी. दोघे पुढे वेगळे राहिले तरी एकत्र काम करणे आणि मैत्री टिकून राहिली. १९९२ साली जोगळेकर यांचे निधन झाले. मुलगा गौतम आणि मुलगी विनी हे दोघेही चित्रपट-नाट्याच्या क्षेत्रात आले.

पाच चित्रपट पाहायचे तर कोणत्या क्रमाने पाहावेत?

आम्ही ‘चष्मेबद्दूर’, ‘कथा’, ‘स्पर्श’, ‘दिशा’, ‘साज’ असा क्रम ठेवला. आता पुन्हा करायचे झाले तर ‘स्पर्श’ आधी घेईन. ‘चष्मेबद्दूर’ आधी पाहिलेले लोक ‘स्पर्श’च्या पहिल्या अर्ध्या तासात विनोदाची वाट पाहत बसले आणि आवाज ऐकायचे विसरले. घरी एकट्याने पाहणाऱ्यांनी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

दृष्टिहीन प्रेक्षकांना ‘स्पर्श’ दाखवता येतो का?

येतो. आम्ही तसे केले आहे. शहरातल्या महाविद्यालयांत शिकणारे सात दृष्टिहीन विद्यार्थी त्या दिवशी आले होते. पडद्यावर जेथे कोणी बोलत नाही तेथे हळू आवाजात दोन शब्द सांगायचे, असे आम्ही ठरवले होते आणि त्यासाठी एक मुलगी तयारी करून बसली होती. तिने पहिल्या वीस मिनिटांत चार-पाच वेळा सांगितले. मग मागच्या रांगेतला एक विद्यार्थी अदबीने म्हणाला, ‘ताई, थोडं थांबता का? ती गातेय, आणि तो जिना चढतोय; तुमच्या बोलण्यात पावलं ऐकू येत नाहीत.’ त्यानंतर शेवटपर्यंत तिने काहीच सांगितले नाही.